गणवेश आणि वागणूक सुधारायची तर सुरुवात स्टाफरूमपासून करा

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सोलापूरच्या पूर्व भागातल्या पाचवी ते दहावीच्या अनुदानित शाळेत तुम्ही नुकतेच मुख्याध्यापक म्हणून रुजू झालाय, नववी-दहावीची पोरं शर्ट बाहेर काढून फिरतात, बरीच लेकरं चपलांवर येतात, पहिल्या तासाला रोज कुणी ना कुणी उशिरा, नव्या शिक्षकांना उलट उत्तरं, आणि संस्थेतली मंडळी म्हणतात 'एक महिना कडक वागा, सगळे सरळ होतील'. कडक म्हणजे नेमकं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. मी याच भागात आयुष्यभर शिकवलं, शेवटची बरीच वर्षं मुख्याध्यापिका होते, त्यामुळे जे करून बघितलंय तेच सांगते.

एक महिन्याचा कडकपणा गणपतीपर्यंत टिकतो. जूनमध्ये रोज तपासणी, ओळीतून बाहेर काढणं, आरडाओरडा, मग गणपती, मग घटक चाचण्या, मग ऑनलाइन माहित्या भरायची गडबड, आणि दिवाळीनंतर कुणी बघतच नाही. पोरांना हे वेळापत्रक आपल्यापेक्षा जास्त पाठ असतं. त्यांना पक्कं माहीत असतं की कुठल्या सरांच्या तासाला शर्ट आत हवा आणि कुठल्या मॅडमच्या तासाला चालून जातं. शाळेतले सगळे मोठे एकच गोष्ट, एकाच पद्धतीने, वर्षभर करत राहिले तर पोरं दोन-तीन महिन्यांत त्या रांगेला लागतात, आणि ते एकत्र येणं जमलं नाही तर कितीही कडक नियम काढा, काही होत नाही. मला सांगायचंय ते एवढंच, बाकीचं सगळं हे कसं जमवायचं त्याबद्दल.

पहिले दोन आठवडे काहीही जाहीर करू नका. फक्त गेटवर उभे राहा आणि वहीत लिहा. कुणाचा गणवेश नाही, कोण उशिरा, कुठली इयत्ता, आणि शक्य असेल तिथे कारण. 'गणवेश नाही' या एकाच शेऱ्याखाली चार वेगवेगळी कारणं असतात, आणि चौघांना एकच शिक्षा दिली की त्यातल्या तिघांवर अन्याय होतो.

आपल्या सोलापुरातली कारणं आपल्यालाच माहीत पाहिजेत. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. ज्या घरी एकच जोड आहे आणि बॅरलमधलं पाणी स्वयंपाकाला पुरवायचंय तिथे बुधवारचा शर्ट मळकाच असणार, त्याला तुम्ही प्रार्थनेला उभं करून काय मिळवणार? दुसरं, आईला सकाळी कारखान्यात विड्या द्यायला जायचं असतं, त्याआधी घरातल्या मोठ्या मुलीने धाकट्यांचं आवरायचं, भात टाकायचा, मग स्वतः शाळेला. आठवीतली ही मुलगी रोज दहा मिनिटं उशिरा येते आणि हजेरीत आपण तिला 'निष्काळजी' लिहितो. तिसरं, महापालिकेच्या शाळेतून वरच्या वर्गासाठी आपल्याकडे येणारी मुलं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतला मोफत गणवेश सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत आठवीपर्यंतच मिळतो, त्यामुळे या घरांना पूर्ण गणवेशाचा खर्च पहिल्यांदाच अंगावर येतो, तोही जूनमध्ये, वह्या-पुस्तकं-फी सगळं एकदमच असताना. आणि चौथं, ज्याला सगळं मिळतं तरी मुद्दाम घालत नाही. हा चौथा गट तुम्हाला वाटतो त्यापेक्षा खूप लहान निघतो, तुमची वहीच तुम्हाला दाखवेल.

आणि एक गोष्ट मला आजही टोचते. आपलं गाव चादरी-टॉवेलच्या बरोबरीने गणवेशासाठी देशभर ओळखलं जातं, इथून किती राज्यांत शाळेचे कपडे जातात. आपल्याच मुलांच्या आया घरी मशीनवर नगावर दुसऱ्या राज्यातल्या शाळांचे शर्ट शिवतात आणि त्यांच्या पोराच्या शर्टाला मात्र दोन बटणं नसतात, कारण संध्याकाळी माल द्यायचा असतो आणि घरचं काम मागे पडतं. त्या आईला मीटिंगमध्ये 'तुमचं लक्ष नाही' म्हणू नका.

म्हणून नियमाच्या आधी कपाट. ऑफिसशेजारी नाही, जिथे पोरांची ये-जा कमी असते अशा खोलीत एक कपाट करा. दहावीची परीक्षा संपली की त्या मुलांना सांगायचं, गणवेश धुवून आणून द्या, चांगल्या स्थितीत असेल तोच. बहुतेक जण आनंदाने देतात. मापाप्रमाणे चिठ्ठ्या लावून ठेवायचे. एका डब्यात सुया, पांढरा आणि पँटीच्या रंगाचा दोरा, बटणं, हूक, सेफ्टी पिना, दोन-चार पट्टे, बुटांच्या नाड्या. कपाट कार्यानुभवाच्या मॅडमकडे किंवा ज्यांचा जीव आहे अशा शिक्षकांकडे द्या, आणि मूल तिथे जाऊन आलेलं वर्गाला कळता कामा नये. 'गरीब विद्यार्थ्यांना गणवेश वाटप' असा फोटो काढून पेपरात देऊ नका, संस्थेचा कितीही आग्रह असला तरी. ज्याचा फोटो आला ते मूल तो शर्ट पुन्हा घालत नाही.

नववीतला एक मुलगा माझ्याकडे आणला होता, शर्ट कायम बाहेर, सांगून ऐकत नाही, उद्धट आहे, अशी तक्रार. बाजूला घेतलं, दार लावलं, विचारलं. बोलेना. मग हळूच शर्ट वर केला, तर पँट मोठ्या भावाची, कमरेला चार बोटं ढगळ, हूक तुटलेला आणि सेफ्टी पिनेवर सगळं पेललेलं. शर्ट आत घातला तर पिन दिसते म्हणून तो बाहेर. पाच शिक्षकांनी त्याला पाच वेळा वर्गात सगळ्यांसमोर हटकलं होतं आणि त्याने प्रत्येक वेळी उद्धट व्हायचं पसंत केलं, पिन दाखवायची नाही. शिपाईमामांनी हूक लावून दिला, कंबर आत घेऊन टाके मारले. त्या दिवसापासून तक्रार बंद. सगळ्या केसेस एवढ्या सोप्या नसतात हे मला माहीत आहे, पण आधी दार लावून विचारायचं हा क्रम कधी मोडू नका.

आता स्टाफरूम. इथे खरी मेहनत आहे. सगळ्या शिक्षकांना, क्लार्क आणि शिपायांनाही, एकत्र बसवा आणि फक्त चार नियम ठरवा, जास्त नाही. माझ्या शाळेत हे होते: वेळेवर येणं, गणवेश नीट, शिक्षक बोलत असताना मधे बोलायचं नाही, आणि कुणाच्या अंगाला-सामानाला-आईबापाला-जातीला हात किंवा जीभ लावायची नाही. बस. मोज्यांचा रंग, रिबनचा रंग, वहीचं कव्हर हे सगळं यादीत घातलं की शिक्षकच थकतात आणि मग चारही सुटतात. प्रत्येक नियमावर विचारा, 'हा तुम्ही रोज, सातव्या तासालाही, पाळून घेणार का?' एकानेही नाही म्हटलं तर तो नियम काढा किंवा त्यावर तिथेच भांडून घ्या. स्टाफरूममध्ये मान हलवायची आणि वर्गात जाऊन 'जाऊ दे रे, तुमच्या हेडमास्तरांचं काहीतरी' म्हणायचं, यानेच सगळं कोसळतं. आणि वर्गात शिक्षकांचा मोबाईल दिसता कामा नये, पोरांना वेळेवर या म्हणणारा शिक्षक घंटा झाल्यावर चहा संपवत बसलेला चालत नाही.

तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे कायम नसलेल्या आणि तासावर पैसे मिळणाऱ्या शिक्षकांकडे खास लक्ष द्या. पोरांना बरोब्बर कळतं की या मॅडम पुढच्या वर्षी नसणार, आणि सगळी मस्ती तिथेच होते. तुम्ही महिनाभर त्यांच्या वर्गाच्या आधी दारात उभे राहा, 'मॅडम, वर्ग तुमचा' एवढंच म्हणा आणि निघा. त्यांनी कुणाबद्दल सांगितलं तर त्यांच्या देखत त्यांची बाजू घ्या, काही चुकलं असेल तर ते नंतर एकट्यात बोला.

हटकायची पद्धत सगळ्यांची एकसारखी असली पाहिजे. गेटवर मी नाव घ्यायचे, नमस्कार घ्यायचे आणि मग हळू आवाजात एकच शब्द, 'शर्ट'. मग नजर पुढच्या मुलाकडे वळवायची. हे फार महत्त्वाचं आहे हो, आपण टक लावून बघत राहिलो की चौदा वर्षांच्या पोराला मित्रांपुढे माघार घेता येत नाही, नजर हटवली की तो चालता चालता शर्ट आत खोचतो. वर्गात उलट उत्तर आलं, 'सगळेच बोलतायत, मलाच का?' तर तिथे वाद घालायचा नाही. 'तुझं माझं मधल्या सुट्टीत बोलू, आत्ता पान उघड', आणि शिकवणं चालू. पण मधल्या सुट्टीत खरंच बोलायचं, शिक्षक विसरले की पुढच्या वेळी त्या वाक्याला किंमत नसते. पायऱ्याही सगळ्यांना माहीत असू देत: आधी आठवण, मग सुट्टीत बोलणं, मग वर्गशिक्षकांचा घरी फोन, मग पालकांसोबत तुमच्या केबिनमध्ये. पायरी लहान असू दे पण चुकता कामा नये. आज सोडलं आणि उद्या त्याच गोष्टीसाठी आकांडतांडव केलं की मूल नियम शिकत नाही, आपला मूड ओळखायला शिकतं.

संस्थेच्या मंडळींना 'कडक' म्हणजे छडी अपेक्षित असेल तर त्यांना कायदा शांतपणे सांगा. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई. कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. काही जण म्हणतात नववी-दहावीला हा कायदा लागत नाही म्हणून चालतं. चालत नाही. ताब्यातल्या मुलाला क्रूरपणे वागवणं हा बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 75 खाली गुन्हा आहे, आणि मारहाणीसाठी साधा फौजदारी कायदा आहेच. केस वाढले म्हणून शाळेत कात्री लावणं, अंगठे धरायला लावणं, वर्गाबाहेर उन्हात उभं करणं, गणवेश नाही म्हणून घरी पाठवणं, हे सगळं बंद म्हणजे बंद. घरी पाठवलेलं मूल घरी जातंच असं नाही, त्या दोन तासांत रस्त्यावर काय झालं तर जबाबदार कोण? आणि जे मूल आधीच मागे आहे त्याचा तास आपणच बुडवतो. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी, छडी असेपर्यंतच पोरं गप्प बसतात आणि ती नसलेल्या मॅडमच्या तासाला दुप्पट दंगा करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

केसांसाठी मी एक केलं होतं आणि ते चांगलं चाललं. शाळेच्या आसपासच्या सलूनवाल्यांकडे स्वतः गेले, सांगितलं की बाबा, आमच्या शाळेचं पोरगं आलं तर बाजूने कोरून रेषा मारू नका, साधी कटिंग करा. त्यांचीही लेकरं शाळेत असतात, ऐकतात. आणि मुलाला मुदत रविवारची द्यायची, उद्याची नाही, कारण मंगळवारी घरात कटिंगचे पैसे असतीलच असं नाही.

दंगा कधी होतो हे वहीतून शोधा. बहुतेक सगळ्या भांडणांचं मूळ दोन जागी सापडेल: तास बदलताना कॉरिडॉरमध्ये, आणि ऑफ तासाला. पदं रिक्त, संचमान्यतेचा (शाळेला किती शिक्षक मंजूर त्याचा) घोळ, एखादे सर कामाला गेलेले, म्हणून वर्ग मोकळा, आणि साठ पोरं तीस-चाळीस मिनिटं बसून काय करणार? यावर भाषणाचा उपयोग नाही, वेळापत्रकावर बसा. ऑफ तासाला कोण जाणार ते सकाळीच फळ्यावर, आणि प्रत्येक विषयाचे सोडवायचे कागद तयार एका फायलीत. तास संपल्याची घंटा झाली की प्रत्येक शिक्षक आपल्या दाराशी दोन मिनिटं उभा. वागणुकीच्या निम्म्या तक्रारी याने कमी होतात असं मी म्हणेन, आणि यात एकाही मुलाला शिक्षा करावी लागत नाही.

पालकसभा. चारला ठेवली तर कुणी येत नाही. विडी कामगार आणि शिवणकाम करणाऱ्या आयांना विचारून वेळ ठरवा, आमच्याकडे रविवारी सकाळ चालायची. तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं आहेत, म्हणून स्टाफपैकी किंवा शिपायांपैकी ज्यांना ती भाषा येते त्यांना शेजारी बसवा, नुसती मराठी नोटीस पाठवून 'पालक सहकार्य करत नाहीत' म्हणू नका. आणि घरी पहिला फोन तक्रारीचा नको. जूनमध्येच वर्गशिक्षकांनी प्रत्येक घरी एक चांगली गोष्ट सांगायला फोन करावा, 'तुमच्या लेकीचं अक्षर छान आहे' एवढी सुद्धा. पुढे ऑक्टोबरमध्ये तक्रारीचा फोन करावा लागला की ते घर ऐकून घेतं. आईबाप दोघंही कामावर असतील तर आजीला करा, इथे बऱ्याच घरात खरा वचक आजीचा असतो.

मुलींच्या गणवेशाबद्दल फक्त शिक्षिकांनीच बोलायचं, तेही एकट्यात. पाळीमुळे डाग पडला तर बदलायला कपाटात सलवार आणि पॅड हवेच. आणि माळ, दोरा, कडं, टिकली, स्कार्फ, अयप्पा स्वामींची दीक्षा घेतलेल्या मुलांचे काळे कपडे, या सगळ्याचा निर्णय प्रसंग आल्यावर गेटवर घ्यायचा नाही. जूनच्या आधी सगळ्या समाजाच्या पालकांना बसवून एकदा ठरवा, लिहून ठेवा आणि सगळ्यांना सारखं लागू करा. एकाला सूट आणि दुसऱ्याला नाही हे पोरांच्या आधी गल्लीला कळतं.

गणवेशच बदलायचा विचार संस्थेत चालू असेल तर घाई करू नका. बदल करायचाच तर जानेवारी-फेब्रुवारीत कळवा, जुना गणवेश निदान एक वर्ष चालू ठेवा, एकाच दुकानाची सक्ती करू नका, कापडाचा नमुना फलकावर लावा म्हणजे ज्याला घरी शिवायचंय तो शिवेल. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, तिथे जाड पॉलिस्टर आणि टाय कशाला? पांढरा शर्टही मी टाळेन, पाण्याचं सांगितलंच. बुटांबाबत माझं मत स्पष्ट आहे, शर्टापेक्षा बूट महाग पडतात, पाय वाढला की वर्षात लहान होतात, तेव्हा काळी सँडल असेल तर चालू द्या आणि तो वाद कायमचा संपवा.

पण गणवेशाला किंमत नाही असं मी म्हणत नाही हं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आपल्याच वर्गातला मुलगा पांढरी बाराबंदी, म्हणजे यात्रेचा पारंपरिक पोशाख, घालून नंदीध्वजाच्या मिरवणुकीत चालतो तेव्हा त्याची चाल बघा, तोच मुलगा, पण खांदे सरळ. त्या कपड्यात आपण कुणाचे आहोत हे त्याला कळतं म्हणून तो तसा वागतो, कुणी तपासणी करत नाही. शाळेच्या शर्टाबद्दल ते वाटायला हवं असेल तर शाळेने त्याला आपलं म्हणायला पाहिजे. संघात निवड झाली, चित्र लावलं, पाण्याच्या टाकीची जबाबदारी दिली, अशा गोष्टींनी ते होतं. वर्गाला चढाओढ लावायची तर इयत्तेत पहिला नंबर कुणाचा यापेक्षा मागच्या महिन्यापेक्षा आपला वर्ग किती सुधारला ते फलकावर लिहा.

दोन गोष्टींवर मात्र ताबडतोब हात घाला, दोन आठवडे थांबू नका. एक, गाडीवर येणारी नववी-दहावीची पोरं. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 199अ आलंय, अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे पालकसभेत वाचून दाखवा. गाड्या शाळेत लावू देऊ नका आणि बाहेरच्या दुकानासमोर लावतात का तेही बघा. दोन, मावा-गुटखा. गुटख्याला राज्यात 2012 पासून बंदी आहे आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायला कायद्याने मनाई आहे. टपरीवाल्याशी आधी बोला, ऐकलं नाही तर लेखी तक्रार पोलीस ठाण्यात आणि महापालिकेत, पोच घेऊन. ज्या मुलाच्या तोंडात सापडेल त्याला ओरडण्याआधी त्याला सोडायला मदत लागतेय का बघा, सिव्हिलच्या दंत विभागात नेऊन तोंड किती उघडतं ते तपासून घ्या. आणि एखाद्या मुलाच्या वागण्यात अचानक बदल दिसला, अंगावर वळ दिसले, मुलगी घरी जायला घाबरली, तर तो शिस्तीचा प्रश्न समजू नका, 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा.

दिवाळीनंतर सगळं पुन्हा ढिलं पडणार हे गृहीत धरा. सुट्टी संपून शाळा उघडते त्या आठवड्यात चार नियम पहिल्यासारखेच पुन्हा सांगा, गेटवर पुन्हा पूर्ण वेळ उभे राहा. जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत हजेरी घसरते, तेव्हा कडक नोटिसा काढण्यापेक्षा त्या आठवड्यात स्पर्धा किंवा मैदानावरचे सामने ठेवा, पोरं येतात.

शेवटी तुम्ही विचारलंय की दहावीच्या दांडगट पोरांनाच मॉनिटर करावं का. माझं उत्तर नाही असं आहे. लहान मुलांवर त्यांना अधिकार दिला की ते आपल्यापेक्षा जास्त मारतात, आणि ज्यांनी नियम पाळले त्यांना वाटतं दंगा केला की पद मिळतं. त्यांना अधिकाराऐवजी काम द्या: पाचवीच्या वर्गाला खो-खो शिकवणं, स्नेहसंमेलनाचं स्टेज बांधणं, शनिवारी कपाटातले गणवेश मापाप्रमाणे लावणं. सुरुवात मात्र पाचवी-सहावीपासून करा, कारण ती लेकरं तुमच्याकडे अजून चार-पाच वर्षं आहेत. दहावीचा मात्र या वर्षी तुम्ही स्वतः आठवड्यातून एक तास घ्या, गणित-इंग्रजी जे जमेल ते. जे सर आपल्याला बोर्डासाठी शिकवतात त्यांचं 'शर्ट' एका शब्दात ऐकलं जातं.